खंडोबाचा किडा बघायचा तर आधी बांध धरा

आमचं शेत यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. कपाशीच्या बांधावर बोरीची झुडपं आणि तरोटा. तिथेच मी सात पावसाळे खंडोबाचा किडा, म्हणजे प्रार्थना कीटक, बघतेय. हौशी पोरं विचारतात, ताई, सातपुड्यातल्या पाल गावाकडच्या जंगलात जाऊ का? जा की, पण आधी आपला बांध बघा.

पोळ्यापासून दिवाळीपर्यंत मोठे किडे सापडतात. पानांत किडा शोधत बसलात तर नजर हरते. त्याऐवजी माश्या-मधमाश्या येताहेत असं फूल धरा आणि त्याच्या आसपासच्या काड्या बघा. खाली फुलपाखराचे सुटे पंख पडले असतील तर वर बहुधा कुणी बसलेलं असतं. वारा पडलेला असताना एकच ‘पान’ डोलत असेल, तर तेच ते. सापडलं की झुडपाला चिंधी बांधा. पुष्कळदा दुसऱ्या दिवशीही तो तिथेच भेटतो.

फोटोसाठी सकाळी नऊच्या आत या, नंतर वारा काडी स्थिर राहू देत नाही. गुडघे टेकून किड्याच्या डोळ्यासमोर या. वरून काढलेल्या फोटोत नुसती काडी दिसते. फोकस डोळ्यावरच. दिवसा त्यात काळा ठिपका दिसतो, तुम्ही सरकलात की तोही सरकतो. ती बाहुली नाही. डोळ्याचे जे कण थेट तुमच्याकडे रोखलेले असतात ते उजेड शोषतात, म्हणून तेवढेच काळे दिसतात. रात्री अख्खा डोळाच काळवंडतो. कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र एफ/८, शटरचा वेग १/२०० सेकंद, आणि फ्लॅशवर पांढरा रुमाल.

फांदी मात्र वळवू नका. एकदा उजेडासाठी मी वळवली. पिल्लू उलटं लटकून कात टाकत होतं, ते खाली पडलं. पाय वाकडेच वाळले, संध्याकाळी मेलं. तेव्हापासून उलटा लटकलेला, हालचाल नसलेला किडा दिसला की मी दोन पावलं मागे सरते.

गवतात फुरसं असतं, बूट घालूनच या.

कपाशी उपटल्यावर काड्या पेटवण्याआधी एकदा हात फिरवून बघा. वाळलेल्या फेसासारखा तपकिरी गोळा चिकटलेला असेल तर त्यात अंडी आहेत. तेवढी काडी मोडून बोरीत खोचून ठेवा.