स्विचचं कार्ड फॉरमॅट झालं, तरी स्क्रीनशॉट परत मिळाले

भाच्याच्या हातून निन्टेन्डो स्विच या गेम कन्सोलचं मायक्रोएसडी कार्ड फॉरमॅट झालं. गेममधली प्रगती गेली म्हणून पोरगा रडकुंडीला आला, पण ती सुरक्षित होती. स्विच सेव्ह डेटा कार्डावर ठेवतच नाही, तो कन्सोलच्या स्वतःच्या मेमरीत असतो. गेम पुन्हा डाउनलोड होतात. गेले होते ते अल्बममधले स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ.

कार्ड लगेच बाहेर काढलं. हे सगळ्यात महत्त्वाचं! साध्या फॉरमॅटमध्ये फक्त फाइलींची यादी पुसली जाते, डेटा तिथेच असतो. त्यावर नवीन काही लिहिलं गेलं की मात्र तो कायमचा जातो.

कार्ड रीडरने लॅपटॉपला जोडून फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. हे मोफत आहे, दिसायला जुनाट, पण कामाला चोख. फाइल प्रकारांत स्क्रीनशॉटसाठी जेपीजी आणि व्हिडिओसाठी एमओव्ही निवडा, एमपी४ एमओव्हीतच येतं. सापडलेल्या फाइली लॅपटॉपवरच घ्या, त्याच कार्डावर चुकूनही नको.

तारखेची मूळ नावं गेली, 'एफ' आणि पुढे नुसते आकडे उरले. १२८०×७२० पिक्सेल आकारावरून स्क्रीनशॉट वेगळे काढले. ते जवळपास सगळे मिळाले. तुकड्यांत साठवलेले काही व्हिडिओ मात्र उघडले नाहीत.