युद्धविरोधी कवितेतले अलंकार कसे वाचावेत

'इथे उपमा आहे' एवढं लिहून थांबलात तर कविता हातात येत नाही. प्रत्येक अलंकारापाशी एक प्रश्न विचारा: वीरकाव्यात या जागी काय आलं असतं? तिथे सैनिक सिंह असतो आणि रणांगण यज्ञभूमी. युद्धविरोधी कवी ही ठरलेली उपमानं (ज्याच्याशी तुलना होते ती गोष्ट) उचलून तिथे भलतंच काही ठेवतो.

पहिल्या महायुद्धात लढलेला इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन याची 'डल्से एट डेकोरम एस्ट' ही कविता (लेखन १९१७, प्रकाशन कवीच्या मृत्यूनंतर १९२० मध्ये) सरावाला उत्तम. पहिल्यांदा मोठ्याने वाचा, पेन्सिल बाजूला ठेवून. दुसऱ्या वाचनात फक्त साम्यवाचक शब्द ('सारखा', 'जसा') अधोरेखित करा आणि कागदावर तीन रकाने आखा: उपमेय (ज्याची तुलना होते ते), उपमान, अपेक्षित उपमान. पहिल्याच ओळीत सैनिक पोत्याखाली वाकलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्यांसारखे चालतात, पुढच्या ओळीत थेरड्यांसारखे खोकतात. साधारण धर्म, म्हणजे दोघांतला समान गुण, वाकलेली पाठ आणि खोकला. तिसऱ्या रकान्यात 'सिंह' लिहिलंत की दिसतं, दोन ओळींत या पोरांचं तारुण्य आणि रुबाब दोन्ही गेले.

पुढे विषारी वायूचा हल्ला होतो. मुखवट्याच्या काचेतून दिसणारा सैनिक हिरव्या समुद्रात बुडाल्यासारखा वाटतो. इथे हमखास चूक होते: याला अतिशयोक्ती म्हटलं जातं. क्लोरीन किंवा फॉस्जीनने फुप्फुसांत द्रव साचतो, माणूस कोरड्या जमिनीवर अक्षरशः बुडतो. आणखी एक बारकावा. 'बुडणं' याच शब्दाचं यमक कवी त्याच शब्दाशी जुळवतो, आणि दोन वापरांच्या मध्ये भूतकाळ संपून वर्तमानकाळ सुरू होतो, कारण आता ते स्वप्नात रोज घडतंय. काळ बदलला की तिथे थांबायचंच.

चेतनगुणोक्ती (निर्जीवाला सजीवाचे गुण देणं) शोधताना उलट दिशाही तपासा. ओवेनच्याच 'अँथम फॉर डूम्ड यूथ'मध्ये माणसं गुरांसारखी मरतात, तर तोफांना राग येतो आणि रायफली तोतरं बोलतात. माणूस जनावर झाला, शस्त्र माणूस झालं. या दोन नोंदी वेगवेगळ्या लिहिल्यात तर ही अदलाबदल निसटते. रायफलींच्या ओळीतला 'र'चा अनुप्रास गोळीबाराचा आवाजही काढतो, पण तो मूळ इंग्रजीतच ऐकावा लागतो. अनुवादावरून नादाविषयी काही लिहू नये. ओवेनचं अर्धं यमकही तसंच. 'स्ट्रेंज मीटिंग'मध्ये 'हॉल'शी 'हेल' जुळतं: व्यंजनं तीच, स्वर बदललेला. कानाला यमक हवं असतं, ते जवळ येऊन चुकतं. दोन मेलेले शत्रू जिथे भेटतात त्या जागेला अशीच अस्वस्थता हवी.

उपरोध सर्वांत फसवा. आधी शब्द कोणाचे ते ठरवा. त्याच युद्धातला सैनिक-कवी सिगफ्रिड ससून याच्या 'द जनरल'मध्ये सेनापती हसतमुख आहे, एक सैनिक सोबत्याशी बोलताना त्याला मजेशीर म्हातारा म्हणतो. ही व्याजस्तुती (स्तुतीच्या आडून निंदा) वाटते, पण सैनिक खरंच कौतुक करतोय. उपरोध कवीचा, आणि तो सातव्या, सुट्या ठेवलेल्या ओळीत फुटतो: त्याच सेनापतीच्या योजनेने दोघांचा जीव घेतलेला असतो. लय शेवटपर्यंत बडबडगीतासारखी हलकी आहे. ती जड असती तर धक्का बसला नसता. ओवेनच्या शीर्षकालाही हीच कसोटी लावा. ते शब्द होरेस या रोमन कवीचे, 'मातृभूमीसाठी मरणं गोड आणि शोभनीय' या ओळीतले. शीर्षकात अर्धीच ओळ येते. पूर्ण ओळ शेवटी, तीही 'जुनं खोटं' असा शिक्का मारून.

उत्तर लिहिताना अलंकाराचं नाव वाक्याच्या शेवटी टाका. उदाहरणार्थ: 'सैनिकांच्या जागी भिकारी आणून कवी गणवेशाचा दिमाख काढून घेतो, हे काम उपमेने केलं आहे.' नाव आधी लिहिलं की हात तिथेच थांबतो.