मातेराच्या दरीत उतरताय? निदान या चुका तरी टाळा

दक्षिण इटलीत पुल्या आणि बाझिलिकाता या प्रांतांच्या सीमेवर चुनखडीचं एक मोठं पठार आहे, मुर्जा. या भागात पठार चिरत गेलेल्या खोल, उभ्या काठांच्या घळी आहेत. तिकडे त्यांना ग्राविना म्हणतात. मातेरा, लातेर्झा, जिनोझा, मास्साफ्रा ही जुनी गावं अशाच घळींच्या काठावर, निम्मी खडकातच कोरलेली आहेत. मी पुल्यातल्या बारी शहरात राहते, त्यामुळे पुण्या-मुंबईहून (आणि हल्ली जर्मनीहूनही) येणारी आपली मंडळी आधी माझ्याकडे उतरतात आणि मग मातेराला जातात. निघताना राजगड, हरिश्चंद्रगड, हिवाळ्यातला कळसूबाई अशी सगळी यादी ऐकवतात. परत येतात ती सोललेली ढोपरं आणि त्याच त्या तक्रारी घेऊन. तोंडाने सांगून कंटाळा आला, म्हणून लिहून ठेवतेय.

समोर दिसतंय म्हणजे जवळच आहे

ही माझी सर्वांत नावडती चूक. मातेराची जुनी वस्ती, म्हणजे सास्सी, दरीच्या पश्चिम काठावर आहे. पूर्वेच्या काठावर गुहा, खडकात कोरलेली चर्चं आणि सगळे फोटो जिथून काढतात तो मुर्जा तिमोनेचा कठडा. गावातल्या गच्चीवरून पलीकडची माणसं दिसतात, त्यांच्या टोप्यांचे रंगसुद्धा ओळखता येतात. मग लोक ठरवतात, जेवण करून टाकू आणि तासाभरात जाऊन येऊ.

खरी वाट पोर्ता पिस्तोलापाशी सुरू होते. तिचा क्रमांक ४०६. ती थेट तळापर्यंत उतरते, ओढ्यावरचा झुलता पूल ओलांडते आणि पलीकडे तेवढीच चढते. परतताना हेच उलट, म्हणजे दोन उतार आणि दोन चढ. पाऊस-वाऱ्यात पूल बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी गावात विचारून घ्या.

ठाण्याचे एक मामा-मामी आणि त्यांचा भाचा असेच जुलैमध्ये आले होते. मी गाडीने पठारावरून वळसा घालून पलीकडे थांबणार आणि ते तिघं वाटेने चालत येणार, असं ठरलं. सकाळी सातला निघा म्हणून बजावलं होतं, पण हॉटेलचा नाश्ता सुटवेना, त्यामुळे निघाले साडेअकराला. तळापर्यंत नीट उतरले. पूल ओलांडल्यावर भाच्याने फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडला आणि त्याला एक पांढरी रेघ दिसली. वाट वळणं घेत जाते, ही रेघ मात्र सरळ वर! ती शेळ्या-मेंढ्यांची पायवाट होती.

अर्ध्या तासाने त्याचा फोन आला. "ताई, तुम्ही दिसताय मला. लाल ओढणी ना?"

मी कठड्यावरून वाकून पाहिलं, तर तिघंही माझ्या पायाखाली एका अरुंद टप्प्यावर उभे होते. मधे सरळ तासलेली भिंत.

"मलाही तू दिसतोयस. पण तिथून वर वाट नाहीये. आलास तसा मागे जा."

"एवढंच तर राहिलंय! मामा म्हणतायत, चढून जाऊ."

मामांचं वय साठीच्या पुढचं, पायात मॉलमधले कापडी बूट. मी आयुष्यात कुणावर एवढी ओरडले नसेन. शेवटी मामींनी हुकूम सोडला, तेव्हा मंडळी मागे फिरली. आता उतरणं चढण्यापेक्षा कठीण झालं होतं, कारण चुनखडीवरचे सुटे खडे गोट्यांसारखे पायाखालून सरकतात. तिघं पुन्हा तळाशी गेले, खरी वाट धरली आणि वर पोचायला पावणेतीन वाजले. मामांच्या शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटले होते. भाचा मात्र विचारत होता, नकाशात ती वाट मग दाखवतात कशाला?

उपग्रहाच्या चित्रात उभा कडा म्हणजे एक बारीक रेघ असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. माझी सवय अशी: लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण दहा मिनिटं दिसली नाही, तर शेवटची खूण जिथे पाहिली तिथे परत जायचं. पुढे जाऊन बघू, असं म्हणणाऱ्याबरोबर मी दरीत उतरत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी गाडीने वर जावं, फोटो काढावा आणि परत यावं. त्यात कमीपणा काही नाही.

पाणी वाटेत मिळेलच

सह्याद्रीत दिवाळीनंतरही ओहोळ वाहत असतात आणि गडावर टाकं सापडतं, त्यामुळे आपल्या ट्रेकरला पाण्याची खात्री असते. ती इथे सोडा. चुनखडीला भेगा असतात. पडलेला पाऊस त्यांतून थेट पोटात जातो आणि वर कोरडं ठणठणीत. मुर्जावर बारमाही नदी जवळजवळ नाहीच. सगळ्या पुल्याला पाणी पुरवायला आपेनाइन्स पर्वतरांगेच्या पलीकडून, काम्पानियातल्या सेले नदीच्या झऱ्यांपासून कालवा आणावा लागला. काम १९०६ साली सुरू झालं आणि बारीत पाणी पोचलं १९१५ मध्ये.

त्याआधी लोक काय करत, ते बघायचं असेल तर मातेराच्या मुख्य चौकाखालचं पालोम्बारो लुंगो हे टाकं बघा. खडकात कोरलेलं, सुमारे ५० लाख लिटरचं. ज्या गावाने पावसाचा थेंब न् थेंब साठवायला अख्खा डोंगर पोखरला, तिथे अर्ध्या लिटरची बाटली घेऊन दरीत उतरणं म्हणजे कमाल आहे. उन्हाळ्यात मी माणशी तीन लिटर घेते आणि अकराच्या आत वर आलेली असते. पुल्याच्या गावांत चौकाचौकांत बिडाचे सार्वजनिक नळ आहेत, तिथे बाटल्या भरा. 'नॉन पोताबिले' (पिण्याजोगं नाही) अशी पाटी असेल तर तोंडही लावू नका. दरीच्या तळाचा ओढा कितीही नितळ दिसला, तरी वरची गावं आणि शेतं धुऊनच तो खाली येतो.

वर आकाश निळं आहे ना, मग झालं

नाही झालं. घळीत तुमच्या डोक्यावरचं आकाश कामाचं नसतं, पाणलोटावरचं बघायचं असतं. शेजारच्या कालाब्रियात चीविता गावाजवळ रागानेल्लोची घळ आहे. २० ऑगस्ट २०१८ ला वरच्या अंगाला पाऊस झाला आणि अचानक आलेल्या लोंढ्यात दहा माणसं गेली. मातेरातही १२ नोव्हेंबर २०१९ ला सास्सीच्या पायऱ्यांचे धबधबे झाले होते. तेव्हा वादळाचा इशारा असेल त्या दिवशी तळाकडे जायचं नाही. कोरडं पात्र हीच सोयीची वाट, असं म्हणत त्यातून पुढे पुढे जाणारे उत्साही मला दर मोसमात भेटतात. पात्रात घराएवढे धोंडे आणि साचलेले डोह असतात, त्यातून सोय कसली होणार? लातेर्झाची घळ तर सुमारे १२ किलोमीटर लांब आणि २०० मीटरहून खोल आहे. ती काठावरून बघावी, गिधाडं आणि ससाणे शोधावेत. त्यातच दिवस जातो.

बाकीच्या भराभर

कड्याच्या टोकाला उभं राहून फोटो काढू नका. वरचा पिवळसर थर मऊ असतो, हाताने कोरता येण्याइतका, आणि पुष्कळदा तुम्ही एखाद्या गुहेच्या छतावर उभे असता.

सूर्यास्त बघायला पलीकडे गेलात, तर कपाळावर बांधायची विजेरी न्या, फोनचा उजेड नाही. खरं तर सास्सीवर ऊन सकाळीच पडतं. संध्याकाळी सूर्य तुमच्या डोळ्यांत असतो.

अर्धी चड्डी नको. सगळं झुडूप काटेरी आहे.

पठारावर मेंढ्यांचा कळप दिसला तर लांबून वळसा घ्या. राखणीचे पांढरे कुत्रे लाड करून घेत नाहीत.

कोरीव चर्चमधल्या भित्तिचित्रांना हात लावू नका. हे सांगावं लागतं, याचंच वाईट वाटतं.

गडबड झालीच तर ११२ लावा, पण तळाला रेंज असेलच असं नाही. कुठे चाललोय आणि कधी परतणार, हे हॉटेलात सांगून निघा.

गावातल्या चुका

दरीतून सहीसलामत आलेली माणसं गावात फसतात. सास्सीत बहुतेक ठिकाणी गाडी जात नाही. गुहेतल्या खोलीपर्यंत दीड-दोनशे पायऱ्या असू शकतात आणि तिथे चाकांच्या २३ किलोच्या बॅगा ओढत नेणारे लोक बघवत नाहीत. मोठी बॅग बारीत ठेवा, पाठीवर मावेल तेवढंच न्या. गाडी भाड्याने घेतली असेल तर 'झेडटीएल'ची, म्हणजे परवानगीशिवाय गाडी न्यायला बंदी असलेल्या भागाची पाटी दिसली की थांबा. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची चिठ्ठी तुम्ही घरी पोचल्यावर येते.

बारी-मातेरा ही छोट्या रुळांची गाडी मुख्य रेल्वेची नव्हे. बारीत तिचं स्थानक मुख्य स्थानकाच्या शेजारचं पण वेगळं आहे. काही गाड्यांचे डबे आल्तामुराला वेगळे होतात, निम्मे मातेराकडे आणि निम्मे ग्राविना गावाकडे. तेव्हा चढतानाच विचारा. रविवारी आणि सणाला ती धावेल असं धरून चालू नका, बसची वेळ आधी बघा. २ जुलैला मातेरात ब्रूना मातेची जत्रा असते, तेव्हा खोली मिळणं मुश्कील.

दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघरं बंद होतात, ती साडेसातच्या आत उघडत नाहीत. दरीतून चारला वर येऊन जेवण शोधणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी असतात. मी पिशवीत आल्तामुराच्या रव्याच्या पावाचा तुकडा, टोमॅटो आणि चीज ठेवते. तो पाव चार दिवस टिकतो. शाकाहारी मंडळींनी पालेभाजीचा पास्ता मागवताना 'अचूगे' नकोत असं स्पष्ट सांगावं, कारण त्यात बारीक मासे विरघळवलेले असतात आणि वाढणाऱ्याला ते मांसाहारात मोजायचे असतात हे सुचतही नाही. सुक्या बाकल्याचा लगदा आणि कडवट चिकोरीची भाजी निर्धास्त मागवा. वर क्रुस्की नावाच्या तळलेल्या लाल मिरच्या मागून घ्या. आपल्या सांडगी मिरचीसारख्या कुरकुरीत, फक्त तिखट नाहीत.