लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलची साइट बदलताना आधी उंची मोजा

खानापूरकडे कुणाच्या घरी आजोबांची लायसनची लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल (खालचा दांडा ओढून गोळी भरायची) असेल, तर नवी पुढची साइट, म्हणजे नेम धरायला नळीच्या टोकावर असतो तो खुंट, दिसण्यावरून घेऊ नका. आधी रेंजवर टेकू देऊन पाच गोळ्यांचा गट काढा. गट नेमाच्या वर बसतो? मग पुढची साइट उंच हवी. खाली बसला तर बुटकी. किती, ते गणितानं काढा: चूक (गट नेमापासून जितका हुकला ती) गुणिले पुढच्या-मागच्या साइटांमधलं अंतर, भागिले लक्ष्याचं अंतर. ५० मीटरवर १० सेंटिमीटर वर, साइटांत ५० सेंटिमीटर, म्हणजे फक्त १ मिलिमीटर! साइट बसते ती नळीवरची खाच बहुधा ३/८ इंची असते, तरी कॅलिपर लावून मोजाच. नजर कमी झालेल्यांना मी मागे पीप साइटच (बारीक भोकातून बघायची) सुचवेन. बसवायला लायसनधारक कारागीर गाठा, बेळगावात नेऊन का होईना.