गाडी लागते, पोट बिघडतं? घरगुती उपाय करताना या चुका टाळा

ठाण्याहून गावाला निघालेल्या कुठल्याही घरातली खाऊची पिशवी उघडा, आलेपाक, लिंबू, ओव्याची पुडी, आमसुलं आणि "लागलीच तर" म्हणून घेतलेल्या दोन-चार प्लास्टिकच्या पिशव्या सापडणारच. आमच्याकडेही असायचं सगळं, तरी खोपटहून सुटलेली एसटी कशेडी चढायला लागली की मी आडवा (तेव्हा बोगदा नव्हता हो). मग आई घाईघाईने आलं हातावर ठेवायची आणि पुढच्या वळणावर ते आलंही बाहेर. खूप वर्षांनी कळलं की आलं बरोबर होतं, वेळ चुकत होती.

होतं काय की मळमळ सुरू झाली की पोटातलं पुढे सरकणंच मंदावतं, त्यामुळे त्यानंतर आलं चघळा नाहीतर गोळी घ्या, फारसा उपयोग होत नाही. आलेपाक किंवा सुंठ-गूळ निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी खायचं. ॲव्होमिनसारखी गोळी तर एक-दोन तास आधी, म्हणजे पनवेल आल्यावर नाही, घरी चहा घेताना. ही गोळी झोप आणते, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याने घ्यायची नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना अजिबात द्यायची नाही, त्याहून मोठ्यांना डॉक्टरला विचारून. "अर्धी दिली तर काय होतंय" हे आमच्या नात्यात चार जणांकडून ऐकलंय, नका देऊ.

दुसरं म्हणजे मोबाईल. कानाच्या आतला भाग सांगतो गाडी वळतेय आणि रीलवर खिळलेले डोळे सांगतात सगळं जागच्या जागी आहे, या भांडणातून मळमळ होते. बोरघाट सुरू झाला की फोन पर्समध्ये टाका, शक्यतो पुढच्या सीटवर बसा आणि लांबच्या रस्त्याकडे बघा. उपाशी निघालं की गाडी लागत नाही हा पण गैरसमजच, रिकाम्या पोटी उलट जास्त ढवळतं. अर्थात म्हणून तर्रीवाली मिसळ हाणून माळशेजला निघू नका, थोडे पोहे किंवा इडली पुरे.

आता जुलाब, आणि इथे सगळ्यात जास्त घोळ होतो तो ओआरएसचा, म्हणजे पाण्यात कालवून प्यायच्या साखर-मिठाच्या पावडरीचा. गणपतीला गावी भाच्याचं पोट बिघडलं तर आम्ही शहाण्यांनी मोठं पाकीट एका ग्लासात ढवळलं, का तर जास्त पॉवरफुल होईल. ते पाकीट 1 लिटर पाण्याचं असतं! असं घट्ट पाणी प्यायल्यावर आतडी उलट अंगातलं पाणी ओढून घेतात, जुलाब वाढतात आणि लहान मुलाच्या रक्तातलं मीठ वाढून भलतंच होऊ शकतं. 200 मिलीची छोटी पाकिटंही मिळतात, मागे लिहिलेलं वाचा, पाणी मोजून घ्या, वरून साखर घालू नका आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्या. पाकीट नसेलच तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा 5 मिलीचा, आमटी वाढायचा नाही 😄 आणि टेट्रापॅकमधली ती गोड पेयं म्हणजे ओआरएस नाही बरं का, एफएसएसएआयने (देशातलं अन्नसुरक्षा प्राधिकरण) ऑक्टोबर 2025 मध्ये अशा पेयांच्या नावात ओआरएस लिहायलाच बंदी घातली.

जुलाब बंद करणारी गोळी ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर घेऊ नका, सरळ डॉक्टरकडे. बाळाला जायफळाचे वेढे वाढवत बसू नका, जास्त जायफळ बाधतं.

बायका वाटेत टॉयलेटला जायला नको म्हणून पाणीच पीत नाहीत. त्यांची चूक म्हणवत नाही, हायवेवरची टॉयलेटं तशीच असतात, पण मग लघवीला जळजळ आणि पोट साफ नाही. त्यात रात्री इसबगोल घोटभर पाण्याबरोबर घेतलं तर ते फुगून घशातच अडकू शकतं, मोठा ग्लासभर पाणी हवंच.

नवी मुंबईचं विमानतळ 25 डिसेंबर 2025 ला सुरू झालं तेव्हापासून आमच्याकडचे बरेच जण पहिल्यांदा विमानात बसतायत, त्यांच्यासाठी एवढंच की विमान उतरताना झोपू नका, काहीतरी चघळा, बाळाला अंगावर पाजा, कान कमी दुखतील.

आणि विमानाने देहरादून, तिथून केदारनाथ असा प्लॅन असेल तर दम लागल्यावर हुंगायला नेतात त्या कापराच्या पुरचुंडीच्या भरवशावर राहू नका. केदारनाथ जवळपास 3,580 मीटरवर आहे, तिथे हवा विरळ, आणि कापूर हुंगून ऑक्सिजन वाढत नाही, फक्त नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. मुलाने गिळला तर फिट येऊ शकते, म्हणून त्यांच्या हाताला लागू देऊ नका. वाटेत एक-दोन मुक्काम वाढवा, डायमॉक्स (उंचीवरच्या त्रासाची गोळी) लागेल का ते डॉक्टरला निघायच्या आधी विचारा, आणि डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, सरळ चालता येत नाहीये असं दिसलं तर लगेच खाली उतरायचं, दर्शन राहिलं तर राहिलं.