ठाण्याच्या गच्चीवरून लघुग्रहाचा माग: द्विनेत्री, नकाशा आणि चार छायाचित्रं

लघुग्रह दुर्बिणीतूनही ताऱ्यासारखाच दिसतो. ना शनीसारखी कडी, ना धूमकेतूसारखं शेपूट, नुसता एक ठिपका. तो ओळखू येतो एकाच गोष्टीमुळे: तो हलतो. १ जानेवारी १८०१ ला इटलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेत खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झीला सेरेस हा पहिला लघुग्रह सापडला, तो नोंदलेला 'तारा' पुढच्या रात्री थोडा सरकलेला दिसला म्हणून. आजही पद्धत तीच आहे. आकाशाचा तोच तुकडा दोनदा पाहायचा आणि दोन्ही वेळा घड्याळ अचूक ठेवायचं. म्हणून मोठी दुर्बीण विकत घेण्याआधी नोंद ठेवायची सवय लावा. ती नसेल तर दुर्बिणीचा काही उपयोग नाही.

सुरुवात वेस्टापासून

सेरेस हा वेस्टा या लघुग्रहापेक्षा बराच मोठा आहे, व्यास साधारण ९४० किलोमीटर. वेस्टाचा सव्वापाचशे. तरीही पहिला वेध वेस्टाचाच घ्या. त्याचा पृष्ठभाग जास्त उजळ आहे आणि तो आपल्याला जवळही आहे, त्यामुळे प्रतियुतीच्या वेळी, म्हणजे पृथ्वीवरून तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला असतो तेव्हा, त्याची प्रत (तेजाचा आकडा) साधारण सव्वापाच ते साडेसहाच्या दरम्यान असते. प्रतीचा आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद. घोडबंदर रोड किंवा वाशीसारख्या उजळ भागात नुसत्या डोळ्यांना तीन-साडेतीन प्रतीपर्यंतचे तारेच जेमतेम दिसतात. १०×५० ची द्विनेत्री, म्हणजे बायनॉक्युलर (दहापट वर्धन, ५० मिलिमीटरची भिंगं), मात्र तिथूनही आठव्या प्रतीच्या आसपास पोचते. म्हणजे वेस्टा हाताशी आहे, सेरेस काठावर, आणि बाकीचे लघुग्रह वांगणी-नेरळच्या अंधारात जाईपर्यंत विसरायचे.

वेस्टाची प्रतियुती साधारण साडेसोळा महिन्यांनी येते. तारीख स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या प्रोग्रॅममध्ये किंवा लघुग्रहांच्या नोंदी ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या स्थान-गणकात पाहा. गणकात जागा भरायला विसरू नका: ठाण्यासाठी १९.२ अंश उत्तर, ७२.९७ अंश पूर्व. वेस्टाच्या बाबतीत जागा चुकली तर फरक काही विकलांचा पडतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा म्हणजे विकला), द्विनेत्रीत तो कळणारही नाही. पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहाच्या बाबतीत मात्र तेवढ्याच चुकीनं तो दृश्यक्षेत्राबाहेर जातो.

प्रतियुतीच्या मागचे-पुढचे तीन आठवडे निवडा. तेव्हा वेस्टा रोज सुमारे १५ कला सरकतो, म्हणजे दोन दिवसांत पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाइतका. प्रतियुतीच्या सहा-सात आठवडे अलीकडे किंवा पलीकडे तो ताऱ्यांमध्ये जवळजवळ थबकलेला असतो. त्या काळात चार रात्री घालवूनही काही हललेलं दिसत नाही, आणि 'आपण चुकीचाच तारा पाहतोय' असं वाटून बरेच जण तिथंच सोडून देतात.

चंद्राचा हिशेब घरातल्या कॅलेंडरवरच होतो. संकष्टीला चंद्रोदय नऊच्या आसपास असतो, पुढे रोज पाऊण-एक तासानं उशिरा. वद्य अष्टमीपासून मध्यरात्रीपर्यंतचं आकाश मोकळं मिळतं. प्रतियुतीतली वस्तू मध्यरात्री सर्वात उंच असते, पण आपल्या घड्याळातली मध्यरात्र ही खरी मध्यरात्र नाही. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे, ठाणे त्याच्या साडेनऊ अंश पश्चिमेला. म्हणून ती वस्तू माथ्यावर येते साधारण बारा अडतीसला, ऋतूनुसार पाव तास इकडेतिकडे. त्याच्या आगेमागे तास-दीड तासात पाहा. क्षितिजाजवळचं आकाश इथे कामाचं नाही: ठाण्यातून नैर्ऋत्येला मुंबईचा उजेड, खाडीच्या बाजूला दमट हवेचा पडदा. खारघर-बेलापूरच्या टेकड्यांच्या कुशीत उजेड थोडा कमी असतो, पण रात्री एकट्यानं टेकडीवर जाऊ नका आणि येऊरच्या जंगलात तर नाहीच. सोसायटीची गच्ची पुरते. पाण्याच्या टाकीच्या आडोशाला उभं राहिलं की समोरच्या टॉवरचे दिवे थेट डोळ्यांत येत नाहीत.

द्विनेत्री हातात धरून हे काम होत नाही. दहापट वर्धनात हाताची थरथरही दहापट दिसते आणि सहाव्या-सातव्या प्रतीचे ठिपके रेघा होऊन विरतात. एल-आकाराची पट्टी घेऊन ती ट्रायपॉडवर बसवा. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद दोन-तीन पदरी लावा. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटं लागतात आणि मोबाईलकडे एकदा पाहिलं की ती वीस मिनिटं पुन्हा मोजायची. नोव्हेंबर-डिसेंबरात उत्तररात्री काचेवर दव धरतं. ते रुमालानं पुसू नका, काचेवरचा लेप खरवडतो. भिंगांपुढे काळ्या कागदाची दहा सेंटिमीटरची नळी गुंडाळली तर दव उशिरा धरतं.

आता नकाशा. तीन अंश रुंदीचा, आठव्या प्रतीपर्यंतचे तारे दाखवणारा नकाशा छापून घ्या, पण त्यावर वेस्टाची जागा दाखवू नका. जागा आधीच माहीत असली की डोळा तिथे काहीतरी पाहतोच. एका ओळखीच्या ताऱ्यापासून पायरीपायरीनं त्या भागात पोचा आणि दिसतील तेवढे सगळे ठिपके कोऱ्या वर्तुळात काढा. ताऱ्यांनी तयार होणारे त्रिकोण जपा, ठिपक्यांचे आकार प्रतीनुसार लहान-मोठे ठेवा. दोन रात्रींनी तेच पुन्हा करा, पहिलं चित्र न पाहता. मग दोन्ही शेजारी ठेवा. ज्या ठिपक्यानं त्रिकोण मोडला, तो वेस्टा.

प्रत्येक चित्रावर तारीख आणि वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत लिहा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या मिनिटांच्या नसून तारखेच्या असतात. १२ तारखेला रात्री दोन वाजता घेतलेला वेध यूटीसीत ११ तारखेचा, २०:३० चा असतो. उलट दिशेनंही तेच. अपोफिस हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ ला २१:४६ यूटीसीला पृथ्वीपासून सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाणार आहे. ठाण्यात ती १४ एप्रिलची पहाट असेल, तीन वाजून सोळा मिनिटं.

घरच्या संगणकावर नवे लघुग्रह

अठराव्या-विसाव्या प्रतीचा लघुग्रह ठाण्यातून कुठल्याच घरगुती दुर्बिणीत दिसणार नाही, पण खऱ्या वेधशाळेची ताजी छायाचित्रं तपासता येतात. इंटरनॅशनल ॲस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबरेशन हा उपक्रम शाळा-कॉलेजांच्या गटांना हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीची छायाचित्रं मोफत देतो. गट नोंदवावा लागतो. चार-पाच जण बरे, कारण प्रत्येक संच दोघांनी स्वतंत्रपणे पाहिला तरच त्यावर विश्वास ठेवता येतो.

एका संचात आकाशाच्या एकाच तुकड्याची चार छायाचित्रं असतात, मध्ये काही मिनिटांचं अंतर राखून घेतलेली. ती फिट्स या खगोलीय छायाचित्रांच्या फाईल-स्वरूपात येतात आणि विंडोजवर चालणाऱ्या ॲस्ट्रोमेट्रिका या प्रोग्रॅममध्ये उघडतात. उपक्रमानं पाठवलेली मांडणीची फाईल आधी लावा. दुर्बिणीचं नाभीय अंतर, पिक्सेलचा आकार, वेधशाळेचा सांकेतिक क्रमांक हे सगळं त्यात असतं. ती न लावता चारही छायाचित्रं उघडली तर प्रोग्रॅम छायाचित्रातले तारे तारासूचीशी जुळवू शकत नाही. अशा वेळी तारे हातानं ओढून जुळवण्यापेक्षा फाईल तपासा, दहातल्या नऊ वेळा दोष तिथेच असतो. जुळणी नीट झाली की ताऱ्यांवरची वर्तुळं बरोबर ठिपक्यांवर बसतात. एका कोपऱ्यात बसली आणि दुसऱ्यात सरकली, तर पुढचं कुठलंही मोजमाप घेऊ नका.

मग छायाचित्रं एकामागून एक झपझप फिरवायची, याला ब्लिंक करणं म्हणतात. तारे जागच्या जागी राहतात, लघुग्रह टुणटुण उड्या मारत जातो. चित्र पूर्ण पडद्यावर एकदम पाहू नका. मोठं करून पट्ट्यापट्ट्यांनी, शेतात नांगर फिरवतात तसं पाहा. एका संचाला अर्धा तास तरी द्यावा, आणि तीन संच झाले की उठावं. थकलेला डोळा आवाजातून, म्हणजे पार्श्वभूमीच्या दाण्यांतून, लघुग्रह घडवायला लागतो.

खरा कोणता हे ठरवायला वेगाची कसोटी उत्तम. मुख्य पट्ट्यातला (मंगळ आणि गुरूच्या मधला) लघुग्रह प्रतियुतीजवळ तासाला सुमारे ३५ विकला सरकतो. छायाचित्रांत १८ मिनिटांचं अंतर असेल तर प्रत्येक उडी दहा-साडेदहा विकलांची हवी, तिन्ही उड्या सारख्या आणि एका सरळ रेषेत. पहिली दहाची, दुसरी चारची आणि तिसरी आडवी असेल, तर ते वेगवेगळे खोटे ठिपके आहेत. एकाच छायाचित्रात लखलखून पुढे गायब होणारा ठिपका बहुधा वैश्विक किरणाचा. चिपवरचा बिघडलेला पिक्सेल सगळ्यात फसवा: दुर्बीण दोन छायाचित्रांच्या मध्ये किंचित हलली की ताऱ्यांच्या तुलनेत तोही सरळ रेषेत चालतो. पण तो टोकदार असतो, ताऱ्यासारखा पसरट नसतो. ठिपक्यावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या खिडकीत त्याची घंटेसारखी वक्ररेषा शेजारच्या ताऱ्याएवढी रुंद आहे का ते पाहा. संकेत आवाजाच्या पाचपटीपेक्षा कमी असेल, किंवा चारपैकी तीन छायाचित्रांतही तो सापडत नसेल, तर सोडून द्या. संशयास्पद नोंद पाठवण्यापेक्षा ती न पाठवणं हे जास्त चांगलं काम आहे, कारण पुढे कुणाला तरी ती पुसत बसावी लागते.

सापडलेल्या ठिपक्याला नाव देण्याआधी माहीत असलेल्या लघुग्रहांचा थर चित्रावर चढवा. त्यासाठी मायनर प्लॅनेट सेंटरची कक्षांची फाईल ताजी उतरवलेली हवी. जुनी असेल तर गेल्या महिन्यात नोंदलेला लघुग्रह तुम्हाला 'नवा' वाटेल. खरोखर अनोळखी निघाला तर गटाच्या खुणेचं सात अक्षरांत बसणारं नाव द्या आणि चारही छायाचित्रांत तोच ठिपका मोजा. अहवालात प्रत्येक मोजमापाची एक ओळ ८० रकान्यांत बसते. त्यात वेळ दिवसाच्या दशांशात असते: २०:३० म्हणजे ०.८५४१७. ओळी हातानं सुधारू नका, एक मोकळी जागा सरकली तरी ओळ नाकारली जाते.

अहवाल गेल्यावर

'विद्यार्थ्यानं लघुग्रह शोधला' ही बातमी बहुतेक वेळा इथेच छापली जाते, आणि ती घाई असते. उपक्रमाकडून मिळणारं प्रमाणपत्र प्राथमिक नोंदीचं असतं. एका रात्रीच्या चार ठिपक्यांतून कक्षा निघत नाही. तेवढ्याच तुकड्यात बसतील अशा असंख्य कक्षा असतात. दुसऱ्या रात्रीचे वेध जुळले तर तात्पुरतं नाव मिळतं. ते वाचता येतं: २०२४ वायआर४ मध्ये वाय म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, आणि आर४ म्हणजे त्या पंधरवड्यातला ११७ वा (आय हे अक्षर वगळतात, म्हणून आर सतरावं, अधिक चार वेळा पंचवीस). कायमचा क्रमांक कक्षा पक्की झाल्यावरच मिळतो, त्याला अनेक प्रतियुती लागतात.

आकार मात्र कक्षेवरून कळत नाही. शास्त्रज्ञ आधी निरपेक्ष प्रत (अंतराचा परिणाम काढून टाकलेली प्रत) काढतात आणि १३२९ ला परावर्तनांकाच्या, म्हणजे पृष्ठभाग किती उजेड परत फेकतो त्या आकड्याच्या, वर्गमुळानं भागून, दहाचा उणे प्रतीच्या पाचव्या भागाइतका घात घेऊन गुणतात. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. प्रत २२ आणि परावर्तनांक ०.१४ धरला तर सुमारे १४० मीटर. तोच लघुग्रह कोळशासारखा काळा, ०.०५ चा असेल तर २३७ मीटर, आणि ०.२५ चा उजळ असेल तर १०६. म्हणून अवरक्त किरणांतली मोजमापं, वर्णपट आणि रडार लागतात. बातमीत एकच आकडा दिसला तर त्यामागे कोणता परावर्तनांक धरला आहे ते शोधा.

तुमच्या नोंदवहीत संचाचं नाव, यूटीसी तारीख, गटाचं दिलेलं नाव, विषुवांश आणि क्रांती (आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे) आणि प्रत लिहून ठेवा. मुख्य पट्ट्यातला लघुग्रह साधारण सव्वा ते दीड वर्षानं पुन्हा प्रतियुतीत येतो. त्या सुमारास मायनर प्लॅनेट सेंटरच्या शोधपट्टीत त्याचं तात्पुरतं नाव टाकून वेधांची संख्या वाढली का ते पाहा.