सॉसेज, सिगारेट आणि १८ टक्के : आरोग्याच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेकन, सॉसेज, हॅम असं प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखूही त्याच गटात. लगेच मथळे झळकले : सॉसेज सिगारेटइतकंच घातक! संस्था खरी, गट खरा, अर्थ तेवढा चुकला.

गटाचा क्रमांक म्हणजे धोक्याचं माप समजणं. हे गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतात, धोका किती मोठा ते नाही. पहिल्या गटात दारू आहे, ऊन आहे आणि तंबाखू न घातलेली नुसती सुपारीसुद्धा आहे. (सुपारीचा मथळा मात्र आपल्याकडे कुणी फॉरवर्ड करत नाही.)

टक्के वाचून घाबरणं. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्याच अहवालात होतं. पण कशाच्या १८ टक्के? समजा, एरवी शंभरातल्या पाच जणांना हा आजार होतो. मग रोज खाणाऱ्या शंभरांत तो साधारण सहा जणांना होईल. पाचाचे सहा झाले, तेवीस नव्हे. ‘धोका दुप्पट’, ‘४० टक्के फायदा’ असं काहीही दिसलं की आधी मूळ आकडा शोधा. बातमीत तो नसेल, तर त्या टक्क्यांवरून काहीच ठरवता येत नाही. औषधांच्या जाहिरातींनाही हाच नियम.

मात्रा न विचारणं. जुलै २०२३ मध्ये अ‍ॅस्पार्टेम हा कृत्रिम गोडवा ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात गेला. त्याच दिवशी तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा किलोमागे ४० मिलिग्रॅम अशी जुनीच कायम ठेवली. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला डाएट सोड्याचे ९ ते १४ कॅन लागतील. दुसरी बातमी फार कमी लोकांनी वाचली.

‘संशोधनात सिद्ध झालं’ यावर थांबणं. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने मुद्दाम एक लंगडा प्रयोग केला : माणसं १५, मोजमापं १८. इतक्या गोष्टी मोजल्या की एखाद्यात योगायोगाने फरक दिसतोच. ‘चॉकलेटने वजन लवकर उतरतं’ असा शोधनिबंध छापून आला आणि युरोपातल्या मोठ्या वृत्तपत्रांनी तो उचलला. त्यामुळे माणसं किती होती, तुलनेला दुसरा गट होता का आणि मोजलं काय काय, हे विचारा.

मधुमेह मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्या जाहिरातीला एवढीही मेहनत नको. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याच्या उपायांच्या जाहिरातींविषयीच्या कायद्याने अशा दाव्याची जाहिरात करायलाच बंदी आहे. यादीत कर्करोगही आहे. अशी पावडर आणलीच असेल, तर तिच्या भरवशावर इन्सुलिन बंद करू नका.